ताईचं दार

पेटीने पुन्हा ‘टिक्’ केलं आणि हॉलमधल्या सगळ्यांनी ते ऐकलंच नसल्यासारखा एकदम चहाचा घोट घेतला.

आतल्या खोलीत पडलेलं म्हातारं माणूस मधूनच खाकरतं ना, तसा तो आवाज होता. उठून बघायला जावं इतका मोठा नाही, आणि सोडून द्यावा इतका लहानही नाही. बॅटरी संपत आली की पेटी अशी कुरकुरते, हे एव्हाना घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. बाबांनी हा चोराचा अलार्म बसवून घेतला तेव्हा त्याच्या भागांना भारदस्त नावं होती. घरच्यांनी सगळ्याची मिळून पेटी करून टाकली. संध्याकाळी लावायची ती पेटी, सकाळी काढायची तीही पेटी. बाबा गेले, पेटी राहिली. बाजूच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात, भिंतीवर, पिवळ्या पडलेल्या झाकणाची. हल्ली ती कारण नसताना भर दुपारी बोंबलायची, आणि शेजारच्यांनी दोनदा दादाला फोन करून झाले होते. म्हणून आजचा सुट्टीचा दिवस, म्हणून दोन्ही मुलं हजर, आणि म्हणून बोळात शिडी लावून उभा असलेला, नवीन अलार्म बसवायला आलेला पॅनेलवाला.

“आई, तू बस ना जरा. सकाळपासून तू बूड टेकलेलं नाहीस,” ताई म्हणाली.

“बसते,” आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

खिडकीचा पडदा परत सरकवलेला होता. सून करत होती ते. त्या बिचारीला उजेड लागतो. आईने पडदा पुन्हा ओढला, कडेला फट राहिली होती तीही बुजवली.

पडदा ओढलेला असला की येऊ नका, मुलं आली आहेत. एवढीच त्या दोघींची खूण. मागच्या गल्लीतून ही खिडकी नीट दिसते, आणि मागच्या गल्लीत मुलांची आत्या राहते. मुलांनी तिच्याशी बोलणं टाकलं त्याला कारण होतं. बाबा शेवटचे आजारी पडले तेव्हा त्यांना दवाखान्यातच ठेवायचं असं दादाने ठरवलं. आत्या म्हणत होती, घरी आणा. ते घरी आले नाहीत. नंतर भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलेलं असताना आत्या उभी राहून म्हणाली होती, “माझ्या भावाला तुम्ही परक्या खोलीत एकटं मरू दिलंत.” दादा तेव्हा काही बोलला नाही. त्यानंतरही तिच्याशी कधी बोलला नाही. ताईने भावाची बाजू घेतली. आई गप्प बसली, आणि तिचं गप्प बसणं मुलांनी आपल्या खात्यात धरलं.

त्या खात्याला कुठे माहीत होतं की सगळी पांगल्यावर महिन्याभराने आत्या बाजूच्या दाराने आली, दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, “तू काही खाल्लं नाहीस, तोंडावर दिसतंय.” तेव्हापासून ती रोज येत होती. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

“मावशी,” बोळातून पॅनेलवाल्याने हाक मारली, “हे नवीन कुठे बसवू? इथेच की पुढच्या दाराजवळ?”

“जुनं दुरुस्त नाही का होत?” आईने बाहेर येत विचारलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

“होईल की. पण ह्याचे पार्ट आता बनत नाहीत. बटणं बघा, घासून गुळगुळीत झालीत. सातचा तर आकडाच उडालाय.”

“आई, हा विषय झालाय आपला,” दादा सोफ्यावरून म्हणाला. तो दातांचा डॉक्टर होता, आणि काढायचं ठरलेल्या दातावर पुन्हा चर्चा केलेली त्याला खपत नसे. “नवीन लागलं की कोणतंही दार उघडलं तरी आम्हाला फोनवर कळेल. कोणी उघडलं, कधी उघडलं, सगळं. तुझी काळजी मिटेल.”

“माझी?”

“आमची,” सून मधेच बोलून गेली आणि कप गोळा करायला लागली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून सून एक गोष्ट शिकली होती. तिचा नवरा आणि नणंद एका बाजूला असले की भांडण लवकर संपतं, कारण थोड्या वेळाने ती दोघं एकमेकांशीच भांडायला लागतात. आजही गाडी त्याच रस्त्याला लागली होती. नवीन पॅनेल घ्यायचं, यावर भाऊबहिणीचं एकमत. मुख्य फोन कोणाचा, यावर घोडं अडलेलं.

“मुख्य माझा ठेवा,” दादा म्हणाला. “मी याच शहरात आहे.”

“तू याच शहरात आहेस आणि फोन उचलत नाहीस,” ताई म्हणाली. “तुझे दोन्ही हात लोकांच्या तोंडात असतात. मी लॅबमध्ये असले तरी फोन समोर असतो.”

“समोर असतो, आणि तिथून इथे यायला तुला अर्धा दिवस.”

“मी पोलिसांना फोन करेन. तू काय करणार आहेस? चोराला आ करायला सांगणार?”

सुनेला हसू आलं, ते तिने बशीत सांडलेला चहा पुसत लपवलं. मग तिची नजर सासूकडे गेली. एरवी मुलांची ही जुगलबंदी सुरू झाली की आईंचा चेहरा खुलायचा. आज त्यांचा हात पदराशी चाळा करत होता आणि डोळे बोळाच्या टोकाला, बाजूच्या दाराकडे. चोराची वाट बघणारं माणूस असं बघत नाही, सुनेच्या मनात आलं. तिने कप उचलले. सारखा ओढला जाणारा पडदाही तिच्या लक्षात होता.

“ही नावं कोणी लिहिलीत?” पॅनेलवाला पेटीवरच्या दिव्यांशेजारी बोट फिरवत होता. “पुढचं दार. गच्ची. ओट्याची खिडकी. एकदम सुंदर अक्षर. आणि हे, ताईचं दार?”

“बाबांचं अक्षर,” ताई उठून बोळात आली. “ते दार माझं. बाजूचं.” तिचा आवाज एकदम वयाने लहान झाला. “कॉलेजातून मला यायला उशीर व्हायचा. सायकल बाजूने आत घ्यायची, कुलूप लावायचं, पुस्तकं उतरवायची. तोवर पेटी बोंबलू नये म्हणून बाबांनी त्या दाराला जास्त वेळ दिला होता. बाकीच्या दारांना इतका नाही.”

“ते मी बघितलं. मी म्हटलं हे काय,” पॅनेलवाला म्हणाला. “दार उघडल्यापासून कोड घालेपर्यंत एवढा वेळ? चोर चहा ठेवेल, पिईल, कप विसळून जाईल.”

“मुलगी लाडकी होती,” दादा म्हणाला. “मला कोणतं दार मिळालं? गच्ची.”

“तू पळून जायचास ना तिकडून.”

दोघं हसली. आई हसली नाही. ती पुन्हा पडदा बघायला स्वयंपाकघरात गेली.

पेटी म्हणाली, ‘टिक्’.

“चला, काढू या हिला,” पॅनेलवाला शिडीवर चढला. “आधी कोड घालून शांत करा. नाहीतर झाकण काढलं की तिला वाटणार चोराने हात घातला. आत तेवढ्यासाठी एक बटण असतं.”

“घालतो,” दादा पुढे झाला. बाबांचा कोड सगळ्यांना पाठ होता, त्यात दोन सात होते. दादाने चटचट आकडे दाबले. “झालं.”

पॅनेलवाल्याने झाकणाचे स्क्रू काढले आणि झाकण ओढलं.

जो आवाज झाला त्याला सायरन म्हणणं म्हणजे त्याचा मान ठेवल्यासारखं होतं. ती पेटी बाबांपासूनचं सगळं साठवून असल्यासारखी किंचाळली. बोळ अरुंद, त्यामुळे आवाज भिंतीवरून भिंतीवर आपटत होता. सुनेच्या हातातली बशी खाली पडली आणि ती फुटल्याचं कोणाला ऐकूच आलं नाही.

“कोड, कोड,” पॅनेलवाला ओरडत होता.

“घातला की,” दादाने परत घातला. परत घातला. ताईने त्याला बाजूला सारून घातला. पॅनेलवाल्याने शिडीवरून वाकून घातला. पेटीला कोणाचंच पटेना.

“सात घेत नाहीये ती,” पॅनेलवाला म्हणाला. “सात मेलाय तिचा.”

“मेन स्विच पाडा.”

“पाडून उपयोग नाही. बाहेरच्या भोंग्याला वेगळी बॅटरी असते, ती ठणठणीत दिसतेय.”

ताई कानांवर हात ठेवून वळली. “आई, तू रोज लावतेस ना? तू सात कसा दाबतेस?”

आई बोळाच्या तोंडाशी उभी होती.

“आई. कसा दाबतेस?”

आईने पेटीकडे असं बघितलं, जसं कोणी दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूकडे बघतं. “मला नाही येत,” ती म्हणाली. ते तिच्या ओठांवरूनच कळलं.

“नाही येत म्हणजे? मग रोज लावतं कोण?”

मागच्या गल्लीत आत्या खिडकीशी उसवलेल्या उशीला टाके घालत बसली होती. सायरन सुरू झाला तेव्हा तिने सुई तशीच धरून ठेवली. समोर पडदा ओढलेला. म्हणजे मुलं आलेली. म्हणजे त्यांच्यातलंच कोणीतरी दार उघडून विसरलं असेल. बंद करतील.

बंद होईना.

आजूबाजूच्या एकाही खिडकीतून डोकं बाहेर आलं नाही. त्या घराच्या ओरडण्याला लोक सरावले होते. आत्या उठली. पडदा ओढलेला आहे, तिने स्वतःला बजावलं आणि चपला शोधल्या. पडदा ओढलेला आहे, पण मुलं येऊन गेली असतील आणि ही उघडायची विसरली असेल तर? जमिनीवर पडली असेल तर? एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्या पायात खालच्या भाडेकरणीची. गुडघा म्हणाला नको. आत्याने आयुष्यात गुडघ्याचं कधी ऐकलं नव्हतं.

बाजूच्या दारात किल्ली फिरली.

ती आत आली ती समोर न बघताच आली. एका हाताने भिंत धरून, पाय ओढत, बोळातून थेट पेटीपाशी. “सर,” ती दादाला म्हणाली, तो कोण आहे हेही न बघता, आणि तो लहानपणी सरायचा तसा मुकाट सरला. आत्याने अंगठ्याचं नख साताच्या खालच्या कडेला रुतवलं, बाकीचे आकडे दाबले, पुन्हा नख रुतवलं.

आवाज थांबला. इतका एकदम, की कानात बराच वेळ वाजत राहिला.

मग तिने मान वर केली. शिडीवर अनोळखी माणूस, शिडीखाली भाचा, भाची, पलीकडे सून, पायाशी बशीचे तुकडे. सगळ्यात मागे भावजय, दोन पायांवर उभी, धडधाकट.

“तू बरी आहेस ना?” आत्याने तिला विचारलं.

“बरी आहे, ताई.”

“मग जाते मी.”

ताईने आपल्याला हाक मारली समजून आईकडे बघितलं होतं. आई तिच्याकडे बघत नव्हती. ताईची नजर आईवरून आत्यावर गेली, आत्यावरून तिच्या गुडघ्यावर, आणि तिथून पेटीवरच्या त्या सुंदर अक्षरावर.

बाबा तिला कधीच ताई म्हणाले नव्हते. ताई ती धाकट्या दादाची, आणि त्याच्यामुळे घरादाराची. बाबांसाठी ती ठकी. निकाल लागला तेव्हा ठकी, लग्नात ठकी, दवाखान्यात नळी काढल्यावर पहिला शब्द फुटला तोही “ठके”. बाबांना तिच्यासाठी दार लिहायचं असतं तर त्यांनी ठकीचं दार लिहिलं असतं. बाबांची ताई ही इथे दोन वेगवेगळ्या चपला घालून भिंत धरून उभी होती. इतकी वर्षं हे अक्षर रोज डोळ्यांसमोर होतं, आणि ते वाचताना आपण आपल्यालाच हाक मारत होतो.

“यांच्याकडे किल्ली कशी आहे?” दादाने विचारलं. कोणालाच उद्देशून नाही.

“बाळने दिली होती,” आत्या म्हणाली. मिशा पांढऱ्या झाल्यावरही तिच्यासाठी बाबा बाळच होते.

“मी यांना विचारलं नाही. आई, यांच्याकडे किल्ली कशी आहे? यांना कोड कसा माहीत? काय चाललंय काय या घरात?”

“ताई रोज येतात,” आई म्हणाली. “संध्याकाळी पेटी लावून बाजूने जातात. सकाळी दूध घेऊन येतात आणि काढतात. मला नाही जमत ती. ह्यांनी मला कधी लावू दिली नाही. ते गेल्यावर तुम्ही दोघांनी मला कागदावर आकडे लिहून दिलेत, मी दाबले, ती बोंबलली, मी घाबरले.”

“आणि रोज फोनवर आम्हाला खोटं सांगत होतीस.”

“काय खोटं सांगितलं? तू विचारायचास, पेटी लावलीस का. मी म्हणायचे, लावली. कोणी लावली ते तू कधी विचारलंस?”

सून तुकडे वेचायला खाली वाकली होती ती तशीच थांबली. या घरात सासूबाईंनी मुलाला उलट उत्तर दिलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“चार माणसांत ही बाई माझ्याविषयी काय बोलली ते तू ऐकलंस,” दादा म्हणाला. “मी बापाला एकटं मरू दिलं. मी. आणि तू तिला रोज घरात घेत होतीस.”

“मी बोलले ते बोलले,” आत्या म्हणाली. “माझा भाऊ गेला होता. तुझा बाप गेला होता. तुला डॉक्टरांचं पटलं, मला नाही पटलं. आता आणखी काय बोलू? मी तुझ्याकडे येत नाही, हिच्याकडे येते.”

“घर माझंही आहे.”

“आहे ना. मग तू लाव रोज पेटी.”

ती जायला वळली आणि गुडघ्याने तिथेच दगा दिला. तिने दाराची चौकट धरली. सुनेने तुकडे ठेवले, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आणली आणि नवऱ्याकडे न बघता आत्याच्या मागे टेकवली. “बसा. चहा उरलाय,” ती म्हणाली.

“साखर नको,” आत्या म्हणाली आणि बसली.

दादा पुढच्या दाराने बाहेर गेला. थोडा वेळ त्याच्या पावलांचा आवाज फाटकापर्यंत जाऊन परत येत राहिला. घरात कोणालाच जागा सापडेना. आई ओट्यापाशी गेली, परत आली. ताई हॉलमध्ये एक उशी सारखी करत होती, मग तीच उशी पुन्हा. पॅनेलवाल्याने घसा साफ केला.

“आजी, ते सात कसं काय दाबलंत? आम्ही सगळे हरलो.”

“खालच्या कडेला दाबायचं, नखाने. बाळ तसंच दाबायचा.”

“काम हवं असेल तर सांगा, ठेवून घेतो तुम्हाला,” पॅनेलवाला म्हणाला, आणि कोणी हसलं नाही म्हणून नवीन पॅनेल खोक्यातून काढायला लागला.

ताई बोळात आली. आत्यासमोर उभी राहिली. इतक्या दिवसांनी बोलायचं तर कुठून, तिला कळेना, म्हणून तिने मनात होतं तेच विचारलं.

“हे दार तुमचं होतं?”

आत्याने पेटीकडे बघितलं. तिला चष्म्याशिवाय ते अक्षर दिसत नव्हतं, तरी तिला काय लिहिलंय ते माहीत होतं. “बाळला सगळ्याला नावं द्यायची खोड,” ती म्हणाली. “मी पडल्यानंतर पाय उचलत नव्हता. दोनदा भोंगा वाजला माझ्यामुळे. मग त्याने वेळ वाढवला.”

“मला वाटायचं माझ्या सायकलसाठी.”

“सायकलला पुरला ना?”

“पुरला.”

“मग झालं तर.”

ताईसाठी ते इतक्यात झालं नव्हतं. छातीत कुठेतरी एक दार होतं, बाबांच्या अक्षरातलं, आणि ते आता दुसऱ्याच्या नावावर होतं. बाबा गेल्यावर तिने घरातून काही मागितलं नव्हतं, कारण ते दार आपलं आहे हे तिने धरून ठेवलं होतं. आई दोन पावलांवर उभी होती, काही न मागता. पण तिच्या पदराच्या टोकाचा पिळून पिळून दोरा झाला होता. सकाळी ती ‘जुनं दुरुस्त नाही का होत’ म्हणून तीनतीनदा काय विचारत होती ते ताईला आत्ता ऐकू आलं.

जुनी पेटी भिंतीवरून उतरली. मागे रंगाचा एक ताजा चौकोन राहिला, घर नवीन होतं तेव्हाचा. नवीन पॅनेल त्यापेक्षा लहान होतं, त्याला तो चौकोन झाकता येईना.

“आता माणसं सांगा,” पॅनेलवाला म्हणाला. “ह्यात प्रत्येकाला वेगळा कोड लागतो. मावशी एक. साहेब, मॅडम, वहिनी. अजून कोणी?”

दादा पुढच्या दारात परत येऊन उभा होता.

“आत्या,” ताई म्हणाली.

दादाने तिच्याकडे बघितलं. ती त्याच्या बाजूची होती. कायम होती. “ताई, तू पण?”

“तू रोज संध्याकाळी येऊन लावणार असशील तर सांग, मी आत्याचं नाव खोडते.”

तो फाटकाकडे वळला. “मला त्या दाराचं काही कळायला नको,” तो शेवटी म्हणाला. “ते उघडलं, बंद झालं, कोण आलं, काही नाही. माझ्या फोनवर यायला नको.”

“म्हणजे त्या दाराची सूचना बंद करू?” पॅनेलवाल्याने विचारलं.

“बंद करा.”

तो रागानेच बोलला होता. पण आईने पदर सोडला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसली. जमिनीवरच बसली, आत्याच्या खुर्चीशेजारी.

“दाराचं नाव?” पॅनेलवाला बटणांवर बोट धरून थांबला.

“आहे तेच,” ताई म्हणाली. “ताईचं दार.”

“आणि कोड घालेपर्यंतचा वेळ? आम्ही सगळीकडे ठेवतो तोच ठेवू?”

आत्या चहा संपवून उठत होती. एक पाय टेकला, थांबली, मग दुसरा. आईचा हात तिच्या कोपराखाली गेला होता, सवयीने, दोघींनाही न कळता.

“नको. जुन्यात होता त्याहून थोडा जास्त ठेवा,” ताई म्हणाली. “तेव्हा एकच गुडघा दुखत होता.”